गाडी नावाची सवत

मैत्रिणींनो, सवत हा शब्द ऐकला तरी आपल्या कपाळाला आठी पडते. पण काही घरांतली सवत चार चाकांची असते. तिला दर रविवारी न्हाऊमाखू घालतात, पावसाळ्यात तिच्या अंगावर पांघरूण असतं, आणि तिच्या औषधपाण्याला किती पैसे लागले हे घरधनिणीने विचारायचं नसतं! आमच्याकडे ही सवत १९५७ सालची फियाट आहे. तिच्या गुबगुबीत नाकाडामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असं नाव ठेवलं होतं, ते अजून तिला चिकटलेलं आहे. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणून दारं उलटी उघडतात. बाकी तिच्याविषयी माझं मत काहीही असो, नऊवारी नेसून उतरायला इतकी सोयीची गाडी मी दुसरी पाहिली नाही.

हे वेड काही आपल्याकडचंच नव्हे. १९५३ साली ‘जेनेव्हीव्ह’ नावाचा एक इंग्रजी विनोदी चित्रपट आला होता. जेनेव्हीव्ह हे नायिकेचं नाव नाही बरं का, ते नायकाच्या १९०४ सालच्या दारॅक गाडीचं नाव! ती गाडी, तिचा भक्त नवरा, आणि लंडन ते ब्रायटन अशा त्या खडखडाटी सहलीत वैतागलेली बायको, अशी ती गोष्ट. ही सहल मात्र खरी आहे. १८९६ साली इंग्लंडमध्ये कायदा बदलून मोटारींना थोडा जास्त वेग ठेवायची मुभा मिळाली, त्याची आठवण म्हणून १९०४ पर्यंतच्या गाड्या नोव्हेंबरात लंडनहून ब्रायटनला नेतात. आपल्याकडे दिल्लीला ‘स्टेट्समन’ वर्तमानपत्राने जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली ती १९६४ साली. म्हणजे या सवती चांगल्या खानदानी आहेत.

आता जुनी म्हणजे किती जुनी? इंग्लंडमधले जाणकार ‘व्हिंटेज’ म्हणतात ते साधारण १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांना. आपल्या सरकारने २०२१ साली नियम केला, त्याप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. तशी खास नोंदणी केली की नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी पाच हजार. मात्र मग ती गाडी रोज मंडईत न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, आणि धंद्याला तर मुळीच लावायची नाही. गंमत पाहा, प्रीमियर कंपनीच्या फियाटला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं १९७४ साली. म्हणजे तुमच्या-आमच्या आईवडिलांच्या लग्नात फुलांच्या माळा लावून उभी असलेली ती पहिलीवहिली पद्मिनीसुद्धा आता व्हिंटेज झाली! मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हा कितीतरी जणांचे डोळे पाणावले होते.

आमच्या पुण्यातला क्लब मोठा नाही. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस त्यात नाहीत. बहुतेक गाड्या मध्यमवर्गीय: फियाट, मॉरिस, लँडमास्टर, अँबॅसडर, एक-दोन स्टँडर्ड हेराल्ड, आणि हो, जीपा. महिन्यातून एका रविवारी सकाळी सातला सगळे एका मैदानावर जमतात. डॉक्टर असतात, टायरचं दुकान चालवणारे असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात, कॉलेजातली दोन मुलं आजोबांची गाडी घेऊन येतात. आणि सगळ्यांचे गुरू म्हणजे मिस्त्रीचाचा. वयाच्या बाराव्या वर्षी नाना पेठेत पाना धरला, आज सत्तरी ओलांडली. बॉनेटला कान लावून ते सांगतात, “तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघा.” एरवी कुणाचं ऐकून न घेणारे आमचे डॉक्टरसाहेब त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे असतात. माणसांची अशी सरमिसळ हल्ली आमच्या सोसायटीच्या गणपतीतही पाहायला मिळत नाही.

पुरुषांच्या गप्पा ठरलेल्या. जुन्या बाजारात बुधवारी काय मिळालं, कुणाला मूळ काचेचा दिवा सापडला, कुणी किती पैसे मोजले (हा आकडा आपल्याला घरी सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहावा, करमणूक होते). आणि आम्ही बायका? पहिली दोन वर्षं आम्ही झाडाखाली सतरंजी टाकून थर्मासभोवती बसत होतो. प्रवेशपरीक्षा, सासूबाईंचे गुडघे, डोशाचं पीठ न फसफसण्याची कारणं. मी या गप्पांना नाक मुरडणारी नाही. त्या सतरंजीवरच मला दोन जिवलग मैत्रिणी मिळाल्या, आणि पुढे जी हकिगत सांगणार आहे ती घडली तेव्हा तीच सतरंजी उपयोगी पडली.

खरी मजा येते ती सहलीला. थंडीत आम्ही दिवे घाटाने सासवड आणि पुढे नारायणपूरला जातो. पहाटे निघायचं, कारण ऊन चढलं की घाटात या म्हाताऱ्या धापा टाकतात. रेडिएटरचं पाणी उकळतं, किंवा पंपापाशी पेट्रोलची वाफ होऊन गाडी मध्येच गप्प बसते. अशा वेळी पंपावर ओलं फडकं घालून दहा मिनिटं थांबायचं, हा चाचांचा उपाय. म्हणून सहलीच्या पिशवीत मी एक जुना पंचा आणि पाण्याचे दोन कॅन ठेवतेच. आणि एक ताकीद: उकळलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नये, उघडू देऊ नये. प्रेशर कुकरचं झाकण वाफ जिरेपर्यंत आपण उघडतो का? हे वाक्य मी एकदा मोठ्याने बोलले, तेव्हापासून क्लबातले पुरुष घाटात माझ्याकडे बघूनच झाकणाला हात लावतात.

खाण्याचं म्हणाल तर रस्सा, दही, चिंचेची चटणी सरळ घरी ठेवा. जुन्या बैठकीवर पडलेला डाग काढताना जीव जातो. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, लसणाची कोरडी चटणी, केळी आणि गूळपोळ्या. दर माणशी एक पंचा-रुमाल वेगळा. डबा डिकीत नको, तिथे पेट्रोलचा वास लागतो, पायाशी ठेवावा.

स्पर्धेच्या सहलीत मात्र आपली खरी कामगिरी असते. हातात रस्त्याचा तक्ता आणि घड्याळ घेऊन शेजारच्या सीटवर बसणाऱ्या व्यक्तीने कुठे वळायचं, किती वेग ठेवायचा, कुठल्या टप्प्यावर किती वाजता पोचायचं हे सांगायचं असतं. ठरल्यापेक्षा लवकर पोचलं तरी गुण कापतात. महिन्याचा खर्च पगारात बसवणाऱ्या बाईला हे गणित अवघड का जावं? आमच्या एका वहिनींनी गेल्या खेपेला असा अचूक हिशेब ठेवला की त्यांची हेराल्ड पहिली आली. बक्षिसाचा चषक मात्र भावोजींच्या हाती दिला गेला, आणि ध्वनिक्षेपकावर नावही त्यांचंच पुकारलं. वहिनी हसल्या. पण घरी जाताना त्या काही हसत नव्हत्या, हे मला ठाऊक आहे, कारण येताना त्या आमच्या गाडीत बसल्या!

या निमित्ताने मी वर्गातल्या मुलींना सांगते ती गोष्ट इथेही सांगते. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास कुणी केला? कार्ल बेंझने गाडी बनवली, पण ती घेऊन १८८८ च्या ऑगस्टमध्ये मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, शंभराहून जास्त किलोमीटर, गेली ती त्याची बायको बेर्टा. बरोबर दोन मुलगे. नवऱ्याला न सांगता! इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीची पिन घालून साफ केली. इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या गावी औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तर मोच्याकडून त्याला चामडं लावून घेतलं. आणि डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्रज बाईने १९०९ साली बायकांसाठी मोटारीचं पुस्तक लिहिलं, त्यात गाडी चालवताना छोटा हातआरसा जवळ ठेवा, मागचं दिसतं, असा सल्ला दिला होता. गाडीतल्या आरशांचा खप पुढे किती वाढला, ते आपण बघतोच आहोत.

आता घरच्या घरी करायच्या निगेबद्दल थोडं, कारण निम्मी निगा आपल्याच अंगावर येते. प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर घालू नका. आत दमटपणा कोंडून पत्रा गंजतो. जाड सुती खोळ शिवून घ्या, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की खोळ काढून गाडीची दारं उघडी ठेवा, गाद्या वाळवतो तशी. बंपर आणि दिव्यांच्या कड्यांवर तांब्या-पितळेची पावडर किंवा चिंच चालवू नका. तो वरचा मुलामा अगदी पातळ असतो, एकदा गेला की गेला. साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडं करून मेणाचं पॉलिश पुरे. उंदीर येतात ते खाण्याच्या वासाने, म्हणून सहलीनंतर सीटच्या फटीतला पुरीचा तुकडान् तुकडा काढावा. वायर कुरतडली की तुमच्या डब्याला दोष लागणार हे ठरलेलं.

पेट्रोलचं एक नवीन लचांड झालंय. २०२५ पासून देशभर वीस टक्के एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. एथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्याला टिकत नाहीत. तेव्हा टाकी भरून गाडी चार-चार महिने उभी करू नये, नळ्या एथेनॉलला टिकणाऱ्या घालून घ्याव्यात, आणि आठवड्यातून एकदा गाडी थोडी फिरवून आणावी. गाडी ठेवलेल्या जागेत पेट्रोलचा वास आला तर तो नेहमीचाच म्हणून सोडू नका. नळी गळत असेल आणि तुम्ही शेजारीच देवापुढे निरांजन लावत असाल!

आता ती हकिगत.

क्लबातले एक काका २०२२ च्या पावसाळ्यात अचानक गेले. त्यांची १९५१ सालची मॉरिस मायनर म्हणजे क्लबाचा दागिना. वळताना तिच्या दारांमधल्या खांबातून छोटासा पिवळा हात बाहेर येतो, तो बघायला पोरं गोळा व्हायची. काकू गाडीत पन्नास वर्षं बसल्या होत्या, पण गाडीची कागदपत्रं कुठे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. बारावं-तेरावं होत नाही तोच सोसायटीची चिठ्ठी आली: जागा अडते, बंद गाडी हलवा. मागोमाग भंगारवाला दारात. तो वजनावर भाव सांगत होता. मुलगी परगावी, जावई म्हणाले, आई, देऊन टाका, कटकट जाईल.

काकूंनी एका मैत्रिणीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी त्यांच्याकडे गेलो. पाठोपाठ क्लबातले पुरुषही आले. खरं सांगायचं तर सगळ्यांना काकांविषयी प्रेम होतं. चाचांनी पैसे न घेता कार्बोरेटर खोलून साफ केला, कॉलेजच्या मुलांनी टायरांत हवा भरली, हँडल मारून गाडी सुरू केली. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा आत स्वयंपाकघरात काकू ओट्याला धरून उभ्या राहिल्या. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

पण पुढच्या पंधरवड्यात तीन जणांनी स्वतंत्रपणे, आवाज खाली आणून, काकूंना विचारलं, “गाडी देणार असाल तर दुसरीकडे कुठे बोलू नका, मी घेतो.” तिघांचे भाव वेगळे, आणि एकाचा तर भंगारवाल्याच्या थोडाच वर. मी कुणाला वाईट म्हणत नाही. त्यांना ती गाडी मनापासून हवी होती, वर्षानुवर्षं तिच्यावर डोळा होता, आणि आपण काकूंना मदतच करतोय असं त्यांना वाटत असेल. पण ज्याला वस्तू हवी आहे त्यानेच तिची किंमत सांगायची, ही रीत सोन्याच्या पेढीवर तरी आपण चालू देतो का? मैत्री मैत्रीच्या जागी. आमच्यातल्या एक जणी बँकेत अधिकारी होत्या. त्यांनी वहीत तिन्ही भाव लिहून काढले आणि काकूंना म्हणाल्या, “तुम्ही आत्ता कुणालाच हो म्हणायचं नाही. सहा महिने थांबायचं. आणि किंमत अशा माणसाकडून काढायची ज्याला गाडी विकत घ्यायची नाही.” दुसऱ्या शहरातल्या क्लबातून तसा जाणकार बोलावला. त्याने सांगितलेला आकडा तिन्ही भावांपेक्षा बराच मोठा निघाला.

तोवर कागदांचा घोळ निस्तरायचा होता. गाडीचा मालक गेला तर तीस दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवायचं, आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा, असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचतं? काकांचं आर.सी. बुक शेवटी सापडलं ते देवघराच्या कपाटात, जुन्या पंचांगात. तीन महिने उलटून गेले होते, दंड आणि हेलपाटे झाले. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीतच वारस म्हणून नॉमिनीचं नाव घालण्याची सोय झाली आहे. बँकेच्या खात्यावर, विम्यावर आपण नाव घालून घेतो. गाडीवर कुणी घातलंय? मी ही हकिगत झाल्यावर सतरंजीवर विचारलं, अकरा जणींपैकी एकीचंही नव्हतं.

म्हणून आज जेवणं झाल्यावर यांना प्रेमाने विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आर.सी. बुक कुठे आहे? विम्याची मुदत केव्हा संपते? नोंदणीचं नूतनीकरण झालंय का? (पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं.) आर.सी. बुकातला चासीचा आणि इंजिनाचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का? तो स्वतः बॅटरी धरून वाचून बघा, डोळ्यांखालून घाला. सुटे भाग घेतल्याच्या पावत्या, गाडीचे जुने फोटो, आधीच्या मालकाचं पत्र असेल तर तेही एका फाइलीत ठेवा. अशा गाडीची किंमत पत्र्याइतकीच तिच्या कागदांत असते. आणि खर्चाची एक वही. ती वही भांडणासाठी नव्हे हे आधी सांगून टाका, नाहीतर खरे आकडे येणार नाहीत.

काकूंनी गाडी विकली नाही. का, असं मी विचारलं नाही. त्यांची मुलगी बदली घेऊन पुण्याला आली, चाचांकडे तिने चार रविवार गाडी शिकून घेतली. त्या गाडीचे गिअर पाळण्यातल्या बाळासारखे हाताळावे लागतात, असं ती म्हणते. तीन भाव सांगणाऱ्यांपैकी एक गृहस्थ आता तिला सुटे भाग शोधून देतात. दुसरे अजून थोडे घुश्शात आहेत.

एक गोष्ट मात्र झाली नव्हती. आमच्या क्लबात सदस्यत्व ‘सहकुटुंब’ असायचं, म्हणजे वर्गणी घरटी, आणि मत एकट्या पुरुषाचं. काका गेल्यावर काकूंचं नाव यादीतून आपोआप निघालं. पन्नास वर्षं त्या गाडीत बसलेली बाई पाहुणी ठरली. गेल्या वार्षिक सभेत आम्ही चौघींनी लेखी मागणी दिली की सदस्यत्व पती-पत्नी दोघांच्या नावे असावं आणि मतं दोन असावीत. वर्गणी वाढेल का, यावर पाऊण तास चर्चा झाली. एका ज्येष्ठांनी विचारलं, “पण तुम्हाला गाड्यांतलं काय कळतं?” तेव्हा मिस्त्रीचाचा, जे सभेत कधी बोलत नाहीत, मागच्या खुर्चीवरून म्हणाले, “साहेब, गाडी बंद पडली की फोन वहिनींचाच येतो मला. आवाज कसा येतोय ते त्याच नीट सांगतात.”

दोन नावांचं मान्य झालं. दोन मतांचं पुढच्या सभेवर ढकललं आहे. ती सभा संक्रांतीनंतरच्या रविवारी आहे. तिळगूळ आमच्याकडे आहे आणि कागदही.